इस्तंबूलच्या शेवया

इस्तंबूलच्या बंदरालगतच्या बाजारात एका गाड्यापाशी नांदेडजवळच्या लोह्याचे वैजनाथराव थबकले. निखाऱ्यांवर एक आडवी सळई फिरत होती. तिच्यावर दोरखंडासारखं काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं आणि त्यातून थेंब गळून निखारे चुरचुरत होते. ते काय आहे, हे वैजनाथरावांच्या नाकानं लगेच ओळखलं. पण ओळख दाखवायची सोय नव्हती, कारण शेजारी तारामतीबाई उभ्या होत्या.

सहा वर्षांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी रक्तात चरबी वाढल्याचं सांगितलं, तेव्हा वैजनाथरावांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून मटण सोडलं होतं. तारामतीबाई माहेरापासूनच्या शाकाहारी. त्यांनी त्याच दिवशी मटणाचं पातेलं मोडीत दिलं. आणि तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वैजनाथरावांच्या विहिरीवरची मोटार बिघडू लागली. ती घेऊन ते नांदेडला तय्यबभाईंकडे जात. तय्यबभाई मोटारी दुरुस्त करीत, आणि त्यांच्या घरी बानोभाभी वजडीचा, म्हणजे बोकडाच्या आतड्यांचा, रस्सा फार सुरेख करीत.

तय्यबभाईंचा पुतण्या अमान परदेशी सहली काढायचा. त्याच्याबरोबर हे नवरा-बायको आणि तय्यबभाई असे तिघं तुर्कस्तानात आले होते. बानोभाभी गुडघ्यांमुळं घरीच राहिल्या होत्या.

"काका, हे कोकोरेच," अमान म्हणाला. "बाहेरचे लोक नुसतं बघूनच पळतेत. हिंमत असंल तर खा. काय हाय ते मागून सांगतो."

"काय हाय हो ते?" तारामतीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"शेवया," वैजनाथराव म्हणाले. "गव्हाच्या. इकडं गुंडाळून भाजतेत."

"अन् टपकून काय राहिलंय?"

"तूप."

तय्यबभाई एकदम समुद्रावरचे पक्षी मोजू लागले.

गाडेवाल्या उस्तादानं सळईवरचा तुकडा उतरवला, सुऱ्यानं बारीक चेचला, वर मिरची-जिरं टाकलं आणि पावात भरून दिला. वैजनाथरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. पाव चार घासांत संपला. मग अमानचं मन मोडू नये म्हणून त्यांनी दुसरा घेतला.

"कसं हाय?"

"ठीक हाय," बोटं चाटत ते म्हणाले.

"मग मला बी द्या एक. चार दिवस झाले, दही-काकडीवर राहून राहिले मी. शेवया म्हणल्यावर काय हरकत हाय?"

 एक खोटं एकटं राहत नाही. त्याला सोबतीला दुसरं लागतं.

"लई तिखट हाय, तारा."

"तिखटाचं मला सांगायलाव?"

"मैदा असतो त्यात. पित्त होईल."

"आत्ता तर गव्हाच्या म्हणलाव."

"तय्यबभाई, सांगा की काहीतरी!"

"मेरा तो रोजा है, भाबी," तय्यबभाई गडबडीनं म्हणाले.

"रोजा? मग सकाळी तीन अंडी कुणी खाल्ली, भाऊ?"

तय्यबभाई पुन्हा पक्ष्यांकडे वळले. इकडे उस्तादाला भाषा कळत नव्हती, पण बाईमाणूस उपाशी आहे एवढं कळलं. त्यानं पावाच्या कोरेवर एक तुकडा ठेवला आणि छातीला हात लावून अदबीनं तारामतीबाईंपुढं धरला. हातावर दिलेलं अन्न परत कसं करायचं? त्यांनी तो घास घेतला आणि त्या तो तोंडाकडे नेऊ लागल्या.

वैजनाथरावांना घाम फुटला. आपली शपथ मोडली ती मोडली. पण जिच्या डोक्यावर हात ठेवला, तिचाच साठ वर्षांचा नेम आपल्या थापेनं मोडायचा? त्यांनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"तारा, खाऊ नको! वजडी हाय ती!"

"वजडी?" तारामतीबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरून."

"सहा वर्षांत वास इसरला न्हाई?"

"चवीवरून म्हण. बानोभाभींच्या हातची..." एवढं बोलून वैजनाथराव थांबले. पण गाडी फाटकाच्या पुढं गेली होती.

"म्हणजे मोटार बिघडत नव्हती?"

"एकदा बिघडली होती," ते खाली बघत म्हणाले. "खरोखर."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून! तरीच दर पहिल्या रविवारी माझं डोकं ठणकायलंय."

वैजनाथरावांचा चेहरा पार उतरला. "खरंच ठणकतंय का गं?"

हे त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं, की तारामतीबाईंना हसू आवरेना. त्यांनी तो घास नवऱ्याच्या हातावर ठेवला. मग पर्समधून एक पुरचुंडी काढली. तिच्यात येसर होता, धान्यं आणि मसाले भाजून त्यांनी घरी कुटलेला. चिमूटभर त्यांनी घासावर भुरभुरला.

"खा आता."

वैजनाथरावांनी खाल्लं आणि डोळे विस्फारले. "अगं, ही तर बानोभाभींच्या रश्शाची चव!"

"त्यांना दर दिवाळीला डबाभर येसर कोण धाडतंय? पहिल्याच महिन्यात त्यांचा फोन आलता, तुम्हाला वजडी खाऊ घालू का म्हणून. म्हणलं, घाला. पण महिन्यातून एकदाच, अन् चरबी काढून."

"अन् हे? हे बी ठाव होतं तुला?"

"अमाननं कालच सांगितलं. न्हाईतर घास तोंडापाशी न्यायला एवढा येळ लागतो का?" त्या म्हणाल्या. "सहा वर्षं वाट बघून राहिले, कधी सोताच्या तोंडानं सांगताल म्हणून. त्याला इमानात बसवून इथवर आणावं लागंल हे म्हाईत नव्हतं."

अमान खो खो हसत होता. तय्यबभाईंचे पक्षी अजून मोजून व्हायचे होते.

"आता चोरून नको," तारामतीबाईंनी निकाल दिला. "महिन्यातून एकदा शेतात चूल मांडा. पर धुवायची तुम्ही."

लोह्याला परतल्यावर पहिल्या रविवारी वैजनाथराव सकाळी सातलाच वजडी घेऊन विहिरीवर बसले. नऊ वाजले तरी धुणं सरेना. लांब बांधावर खुर्ची टाकून, नाकाला पदर लावून तारामतीबाई लक्ष ठेवून होत्या.

"अजून एक पाणी काढा!"

वैजनाथरावांनी बटण दाबलं. मोटार एकदा घरघरली, तिच्यातून धूर निघाला आणि ती बंद पडली.

"तारा!" ते ओरडले. "मोटार बिघडली! देवाशप्पथ!"

 तारामतीबाई उठल्या आणि बादली-दोर त्यांच्यापुढं ठेवून परत खुर्चीवर जाऊन बसल्या.