सहावी सुधारित आवृत्ती

"साहेब, आज कोण मेलं?" फोन उचलल्या उचलल्या छापखानेवाल्याने विचारलं.

"कोणी मेलं नाही. उलट न्यायाधीश वाचलेत," दातांचे डॉक्टर म्हणाले. "पान तीनवर 'प्राण सोडला' आहे ना, तिथे 'शुद्ध हरपली' करा."

"म्हणजे ते मरत नाहीत?"

"मरतात हो! पण पान साठवर. घाई काय आहे तुम्हाला?"

दाढा उपटून उरलेल्या वेळात डॉक्टरांनी अकरा वर्षं खपून एक रहस्यकादंबरी लिहिली होती. निवृत्त न्यायाधीशांचा खून होतो आणि खुनी माळी निघतो. प्रकाशकांनी ती साभार परत केली, तेव्हा डॉक्टरांनी ती स्वतःच काढली. छापखानेवाला मागणी येईल तशी एकेक प्रत छापून द्यायचा, त्यामुळे मजकूर केव्हाही बदलता येत असे. हीच सोय डॉक्टरांच्या मुळावर आली.

विक्रीच्या संकेतस्थळावर पहिला अभिप्राय पडला: 'खून पान ऐंशीवर होतो. तोवर आपणच आटोपतो की काय, असं वाटलं. दोन तारे.' डॉक्टरांना दोन दिवस घास गोड लागला नाही. मग, "वाचक हाच आपला गुरू," असं म्हणत त्यांनी खून पान तीनवर आणला. लगेच दुसरे गुरू उगवले: 'ओळख ना पाळख, पान तीनवर मेलेल्या माणसासाठी मी का रडू?' म्हणून आज न्यायाधीशांची नुसती शुद्ध हरपली होती.

"अहो, पेशंट तोंड उघडून बसलाय कधीचा!" दवाखान्याचं काउंटर सांभाळणारी बायको ओरडली.

"बसू दे. एवढा एकच वाचक आहे, जो काही बोलत नाहीये."

तिसऱ्या गुरूने लिहिलं, 'खुनी माळी आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.' डॉक्टरांनी माळ्याला निर्दोष सोडलं आणि खून न्यायाधीशांच्या वहिनीच्या गळ्यात घातला. चौथ्या दिवशी सख्ख्या वहिनीचा फोन.

"भावजी, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"वहिनी, ती कादंबरीतली आहे हो!"

"तिचा डावा गुडघा दुखतो. तीही हळू आवाजात टोमणे मारते. इथे सगळ्यांनी ओळखलं मला. तुमच्या दादांनी तर आज चहासुद्धा आधी मला प्यायला लावला!"

घर फुटायला नको, म्हणून डॉक्टर कुणालाही राग येणार नाही असा खुनी शोधू लागले. शोधून शोधून एकच माणूस सापडला: दातांचा डॉक्टर. भूल द्यायच्या इंजेक्शनातून विष. ही आवृत्ती भलतीच खपली आणि नेमकी त्यांच्याच पेशंटांत खपली. सोमवारी नेहमीच्या आजीबाईंनी सुई पाहताच ओठ गच्च मिटले.

"आजी, आ करा."

"आधी तुम्ही टोचून घ्या," आजीबाई मिटल्या ओठांतून म्हणाल्या. "दहा मिनिटं बघते. मग आ करते."

डॉक्टरांनी टोचून घेतलं नाही, तेव्हा आजीबाई तशाच उठून गेल्या. दुपारपर्यंत आणखी तिघांनी येत नसल्याचं कळवलं.

"त्या न्यायाधीशांना आपल्या मरणाने मरू द्या एकदाचं!" बायको कडाडली. डॉक्टर इतके वैतागले होते की त्यांनी तेही केलं. न्यायाधीश झोपेतच गेले. ही सहावी सुधारित आवृत्ती. अभिप्राय आला: 'यात रहस्य एकच. हे छापलं का?'

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या वाचक मंडळाने डॉक्टरांना चर्चेला बोलावलं. डॉक्टर बायकोला घेऊन गेले. प्रत्येकाच्या हातात त्यांचं पुस्तक पाहून त्यांचा ऊर भरून आला. आपण काय करून ठेवलंय, हे अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"वहिनीचं पात्र काय जबरदस्त उतरलंय!" ग्रंथपालबाईंनी सुरुवात केली.

"वहिनी? खून माळ्याने केलाय, बाई," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "आपण पुस्तक वाचलंय ना?"

"दोनदा! तुम्हीच पानं गाळली असतील."

"अहो, खून झालाच नाही," शिवणक्लासच्या बाई कळवळून म्हणाल्या. "झोपेत गेले बिचारे. मी डोळे पुसलेत त्यांच्यासाठी."

पुस्तकं टेबलावर आपटली गेली. आता ते डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते उभे राहिले.

"त्याचं असं झालं, मी वाचकांच्या अभिप्रायानुसार थोडे..."

"तुम्ही मध्ये बोलू नका!" पोस्टमास्तर खेकसले. "इथे आधीच गोंधळ कमी आहे का?"

"डॉक्टर, आपण जरा बाहेर बसता का?" ग्रंथपालबाई अदबीने म्हणाल्या. "पुस्तकावर चर्चा चाललीय."

ज्याचं पुस्तक, तोच बाहेर! डॉक्टर धुमसत व्हरांड्यातल्या बाकावर बसले. बायको शेजारी. आतून प्रतींची अदलाबदल चालल्याचे आवाज येत होते. "तुमचा दातांचा डॉक्टर द्या इकडे, माझा माळी घ्या." मग शिवणक्लासच्या बाईंचा आवाज आला.

"मला वाटतं, न्यायाधीशांना सगळं माहीत होतं. कोण येणार, कशासाठी येणार. दार त्यांनीच उघडं ठेवलं होतं."

आतली अदलाबदल थांबली. सहापैकी एकाही आवृत्तीत हे नव्हतं, आणि सहाही आवृत्त्यांपेक्षा ते सरस होतं. डॉक्टर ताडकन उठले.

"हे... हे लिहून घ्यायला हवं. सातव्या आवृत्तीत..."

बायकोने त्यांची बाही धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा हो गप!" दाराकडे कान लावत ती म्हणाली. "पुढे काय झालं ते ऐकू द्या मला."