आधी तिसरे रीळ

निर्णय मुलांनी घेतला होता. आईवडिलांनी मान हलवायची तेवढी बाकी होती. झोपायची खोली माडीवर आणि जिना माईंच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून घर विकायचे. दोन्ही मुलांकडे एकेकच खोली रिकामी, म्हणून नाना थोरल्या मुलाकडे आणि माई धाकट्या मुलीकडे. मध्ये सात तासांचा प्रवास. पलंग खाली हलवण्याचा मोजमापांसह आराखडा नानांनी तीन महिन्यांपूर्वीच दोघांना पाठवला होता. तो कोणी उघडूनही पाहिला नव्हता.

नानांनी तंत्रविद्यालयाच्या कार्यशाळेत छत्तीस वर्षे शिकवले होते. वाद घालण्यापेक्षा प्रात्यक्षिक दाखवावे, असा त्यांचा स्वभाव. विद्यालयाने मोडीत काढलेला प्रोजेक्टर त्यांच्यापाशी होता आणि त्याच्यासोबत आलेला, नावांच्या पाट्या तुटून गेलेला एक जुना कृष्णधवल चित्रपटही. त्यात मुले म्हाताऱ्या आईबापांना अशीच वाटून घेतात आणि शेवटी स्टेशनवर दोघांची कायमची ताटातूट होते. तरुणपणी तो पाहून आल्यावर माई दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या.

"रविवारी दुपारी दोघं या. पिक्चर दाखवतो," नानांनी फोनवर फर्मावले.

"मोबाईलवर बघू की, नाना!"

"या म्हटलं ना!"

नानांनी तिन्ही रिळे पुसली, डब्यांवर अंक घातले आणि इस्त्रीची चादर पाणसळीने पातळी तपासून भिंतीवर टांगली. माईंनी तीन रुमाल धुऊन ठेवले.

रविवारी पडदे ओढले गेले. नानांनी डबा क्रमांक तीन उघडला. सुटे केलेले यंत्र जोडताना शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात करावी, हा नियम त्यांनी छत्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठोकला होता. आता तो त्यांच्याच बोटांत मुरला होता. चालत्या यंत्रावरून नजर काढू नये, हा दुसरा नियम. त्यामुळे चादरीवर काय चालले आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता. माईंना होता, पण नानांचा काही बेत असेल, म्हणून त्या गप्प राहिल्या.

"बाप रे, सुरुवातच स्टेशनवर रडारडीनं!" मुलगा म्हणाला.

मग म्हातारा एका घरी, म्हातारी दुसऱ्या घरी, असे दोन क्रमांकाचे रीळ झाले. त्यानंतर जुने घर, भरलेले टेबल, भोवती सगळी मुले आणि हास्याचा गडगडाट. दिवा लागला. मुलीने टाळ्या वाजवल्या.

"किती गोड शेवट! वेगळे राहिले, तरी शेवटी सगळे एकत्र!"

"मी तेच सांगत होतो ना? थोडे दिवस जड जातं, मग होतं सुरळीत," मुलगा म्हणाला. "नाना, मानलं तुम्हाला. काय झकास होकार दिलात!"

नानांनी हातातल्या डब्यावरचा एकचा आकडा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, पण ते उलटं..."

"आता उलटसुलट काही नको. मंगळवारी एजंटला घेऊन येतो."

दोघे हसतमुखाने बाहेर पडले.

"छत्तीस वर्षं लोकांच्या पोरांना सरळ शिकवलंत," माई म्हणाल्या, "आणि घरच्या पोरांची वेळ आली तेव्हा..."

"चुकलं माझं."

"मग आता नीट लावा. रुमाल काय उगाच धुतले मी?"

नानांनी एक, दोन, तीन या क्रमाने रिळे लावली आणि आयुष्यात प्रथमच चालत्या यंत्राकडे पाठ करून माईंशेजारी बसले. स्टेशन आले. गाडी सुटली. पहिला रुमाल माईंनी भिजवला, दुसरा नानांनी.

मुलीचा चष्मा राहिल्याचे वाटेत बऱ्याच उशिरा लक्षात आले. तो घ्यायला दोघे परतले, तेव्हा रीळ संपून त्याचे टोक फटफट आपटत होते. समोर कोरी चादर होती आणि आईवडील एकमेकांचे हात धरून हमसाहमशी रडत होते.

"नाना, तुम्ही?" मुलगा दारातच थबकला. वडिलांना रडताना त्याने कधी पाहिले नव्हते.

मुलगी तिथेच खाली बसली. "आपण असताना डोळ्यांत टिपूस नव्हता रे दादा. आपण गेल्यावर हे असं! नको विकायला. मला नाही बघवत."

"अगं, तसं नाही. ते रीळ..." नाना प्रामाणिकपणे म्हणाले. माईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"रीळ काय, नाना?"

"रीळ... संपलं."

मुलाने प्रोजेक्टर बंद केला. "ते पलंगाचं चित्र कुठंय हो तुमचं?"

ते नानांच्या खिशातच होते. अर्ध्या तासात माडीवर पलंग सुटा झाला. नानांनी प्रत्येक भागावर खडूने अंक घातला आणि सगळे भाग खाली आल्यावर मुलाला बजावले, "जोडताना शेवटच्या क्रमांकापासून बरं का!"

माईंना असे हसू फुटले की, तिसरा रुमालही कामी आला.