आतून गुलाबी घोडे

आमच्या शेजारच्या गजाकाकांचे घोडे आतून गुलाबी आहेत.

वरून ते काळे, तांबडे, पांढरे, ठिपक्यांचे असे सगळे दिसतात. पण एखादा घोडा खाली पडून त्याचा कान तुटला, की आत हिरडीसारखा रंग दिसतो. हिरडीसारखा म्हणजे हिरडीचाच. गजाकाका परळच्या एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवतात, आणि कवळ्यांमधून उरलेल्या गुलाबी मसाल्यातून गेली तीसेक वर्षं ते स्वतःचं सैन्य उभं करत आहेत. मालकांना विचारून. हे "मालकांना विचारून" ते प्रत्येकाला आवर्जून सांगतात. नाहीतर लोकांना वाटायचं, कुणाच्या तरी आजीच्या दाढा कमी करून घोडदळ वाढवलं.

मला लिहायची फारशी सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे जे लिहिते ते बरोबर आहे का हे विचारायलाही घरात कोणी नाही. पण गजाकाकांबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आमची चाळ लालबागची. काकांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीला लागून काकांचं काचेचं कपाट आहे आणि त्यात फौज राहते. एक शिपाई करंगळीच्या दोन पेरांएवढा. काका आधी मेणात माणूस कोरतात, त्याचा प्लास्टरचा साचा करतात, साच्यात गुलाबी मसाला दाबतात, मग घासून रंगवतात. भाला म्हणजे झाडूची काडी. ढाल म्हणजे शर्टाचं बटण. पागोट्याला लाल रंग हवा होता तेव्हा सुमनकाकूंची नेलपॉलिशची बाटली एका आठवड्यात संपली होती.

सुमनकाकूंचं या सगळ्यावर एकच म्हणणं आहे आणि ते त्या पाहुण्यांसमोरही बोलून दाखवतात. "घोड्यांक कपाट आणि माझ्या टोपांक खाटीखाली जागा!"

काका यावर शांतपणे म्हणतात, "टोप पडला तर पोचा येतो. घोडा पडला तर वंश बुडतो."

काकांना जगातल्या कुठल्याही गोष्टीचा दोष सांगायला एकच वाक्य पुरतं. "बाईट बसत नाही." वरचे दात खालच्या दातांवर नीट टेकले नाहीत की त्यांच्या धंद्यात असं म्हणतात. पण काकांच्या तोंडी ते सगळ्यालाच लागू होतं. चाळीच्या जिन्याची बाईट बसत नाही. टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांची बसत नाही. वरच्या मजल्यावरच्या नवीन जोडप्याचं भांडण ऐकू आलं तेव्हा काका कान देऊन म्हणाले, "वरची दाढ जरा घासायला हवी, मग बसेल." वरची म्हणजे सासूबाई.

एकदा मात्र त्यांचीच बाईट बसली नव्हती. लॅबमधल्या दोन डब्यांची अदलाबदल झाली. दादरच्या एका डॉक्टरांचा फोन आला, "परब, पेशंट आ वासून बसलीये आणि डबीत हत्ती निघालेत!" काका टॅक्सी करून धावले. आजीबाई तोवर हत्तींवर खूश झाल्या होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "एक ठेवून जा हो. कवळी काय, उद्याही मिळेल." काका एक हत्ती ठेवून आले. तो त्यांच्या मते परमुलखातला राजदूत आहे.

काकांच्या सैन्यातला प्रत्येक शिपाई आमच्या चाळीतला कोणीतरी आहे. माझे बाबा कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गासड्या उचलतात, म्हणून ते तोफ ओढणाऱ्यांत आहेत. पहिल्या मजल्यावरचे वाणी ढालीआड वाकलेले आहेत, कारण ते मीटिंगला कधी येत नाहीत. सुमनकाकू हत्तीवर आहेत. "मी काय एवढी जाड?" असं त्यांनी विचारलं होतं. "सेनापतीची बायको चालत जाईल का?" असं उत्तर मिळालं आणि दुपारी भजी झाली.

मी लहानपणापासून पायदळात होते. बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावलं आणि कपाट उघडलं. पहिल्या रांगेत एक नवीन स्वार उभा होता. पागोट्याखालून वेणी आणि डोळ्यांवर चष्मा. "सायली, तुला घोडा दिलाय," काका म्हणाले. "कॉलेज लांब आहे ना." मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर तीही बघून आली आणि म्हणाली, "चष्मा अगदी तुझाच गो."

शिपायांचे डोळे काका फक्त रविवारी सकाळी रंगवतात. दाढी झाल्यावर आणि बाजारातून मासे यायच्या आधी. बांगड्याचं सार पोटात गेलं की हात सुस्तावतो आणि शिपाई तिरळा होतो, असा त्यांचा अनुभव आहे.

आता सैन्य म्हटलं की शत्रू आला. काकांचा शत्रू शिवडीच्या कोळीवाड्यात राहतो. त्यांचं नाव वसंतकाका, पण गजाकाका त्यांना कधी नावानं बोलावत नाहीत. "शत्रूचा फोन आलेला." "शत्रूला शुगर निघाली." "शत्रूच्या नातवाचं बारसं आहे, दोनशे एक घालू की पाचशे एक?" दोघं शाळेपासूनचे मित्र. दिवाळीत मिळून मातीचा किल्ला करायचे. लढाई खेळायची म्हटलं की दोघांपैकी एकानं तरी परका व्हायला हवं, पण दोघंही मावळेच व्हायचं म्हणून हटून बसायचे. तो वाद अजून मिटलेला नाही. म्हणून आजही लढाई होते ती मावळे विरुद्ध मावळे. गजाकाकांची लाल पागोटी, वसंतकाकांची निळी.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी काकांच्या खोलीत ही लढाई होते. पलंगावर फळी, फळीवर उशांचे डोंगर. वसंतकाकांकडे आरमारही आहे, छोट्या छोट्या होड्या. त्यामुळे दरवर्षी पहिला तास समुद्र कुठे असावा यावर जातो.

"पलंगावर समुद्र नसतो रे," गजाकाका म्हणतात.

"समुद्र नाय त मी नाय," वसंतकाका चपला घालायला लागतात.

मग सुमनकाकूंची निळी साडी फळीच्या कडेला पसरली जाते. काकू दारात उभ्या राहून बजावतात, "धुवन, इस्त्री करून परत व्हयी. आणि ह्या एकच साडी. दुसरी मागूची नाय!"

फासे टाकायचे आणि जेवढे पडतील तेवढी बोटं शिपाई पुढे सरकवायचा. बोटं म्हणजे खरोखरची, आडवी ठेवून मोजायची. पण जन्मभर जाळी ओढून वसंतकाकांची बोटं जाड, आणि कवळ्यांचे दात घासून गजाकाकांची निमुळती. निळे सैनिक चार बोटांत डोंगर गाठायचे आणि लाल अजून पायथ्याशीच. यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी तिसऱ्याची बोटं घ्यायचं ठरलं. दोन वर्षांपूर्वी तो मान माझ्याकडे आला. मी पंच आहे, म्हणजे माझी बोटं पंच आहेत.

त्यांच्या खेळाचा एक नियम मात्र लहानपणापासून तसाच आहे. पडला तो गेला. शिपाई फाशानं पडो, वाऱ्यानं पडो की मांजरीच्या शेपटीनं, आडवा झाला की बाद.

गेल्या वर्षी वसंतकाका आले तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप बशीत वाजत होता. ते एक शिपाई उचलायला गेले की शेजारचे तीन पडायचे. दुपारपर्यंत निळी फळी अर्धी रिकामी झाली, आणि गजाकाकांनी अजून फासा नीट टाकलाही नव्हता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, मी पंच आहे तर... हाताचा धक्का लागला तर नको ना धरूया."

वसंतकाकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "नाय गो पोरी. पडला तो गेला. सातवीपासूनचा नियम हाय, माज्यासाठी कशाला मोडतेस?" मग त्यांनी होड्या एकेक करून डब्यात भरल्या आणि लढाई अर्धी सोडून ते लवकर घरी गेले.

यंदा गणपती झाल्यावर वसंतकाकांचा फोन आला. भिंत एकच असल्यामुळे आम्हाला गजाकाकांची बाजू ऐकू येत होती. "म्हणजे काय येणार नाहीस? ... मग नियम बदलू. ... बरं नाही बदलत, ओरडू नको. ... सैन्य नातवाला का देतोस? त्याला काय कळतंय, तो चावेल!"

त्या रविवारी काकांनी रंगवलेले सगळे शिपाई तिरळे निघाले. मासे यायच्या आधी. काकू मला गॅलरीत गाठून म्हणाल्या, "शत्रू नाय तर ह्यांचा काय चालणार गो? कपाट उघडून नुसते बघत बसतत." टोपांना जागा मिळेल असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या रविवारी काका शिवडीला गेले आणि दोन मोठे डबे घेऊन आले. आत सगळं निळं सैन्य.

"द्यायचंय तर नातवाला दे, म्हटलं. पण असल्या फाटक्या कपड्यांत नको," काका मला म्हणाले. "रंग उडालेत सगळ्यांचे. रंगवून देतो, मग काय ते कर. शत्रू झाला तरी लाज आहे की नाही?"

पुढचे काही आठवडे भिंतीपलीकडून लॅबमधून आणलेलं दात कोरायचं मशीन घुर्र घुर्र वाजत होतं. रंगवायला मशीन कशाला लागतं, हे मला कळेना. एकदा त्यांच्या टेबलावर शिशाच्या मण्यांची पुडी दिसली. मासेमारीच्या जाळ्याला खाली लावतात तसले मणी. मी विचारलं तर काका म्हणाले, "तोफगोळे आहेत." आणि पुडीवर वर्तमानपत्र ठेवलं.

दिवाळीत त्यांनी शत्रूला फोन केला. "तुझं सैन्य तयार आहे. मी आणून देणार नाही, माझा गुडघा दुखतो. येऊन घेऊन जा. रविवारी ये."

काकांचा गुडघा दुखत नव्हता. ते फोन ठेवून लगेच फळी घासायला बसले.

वसंतकाका आले. "मी डबे न्यायला आलोय," दारातच म्हणाले. पण समोर फळी मांडलेली, निळी पागोटी चकचकीत रंगवून रांगेत उभी, आणि समुद्र मात्र नव्हता. मुद्दाम.

"समुद्र कुठाय र?"

"पलंगावर समुद्र नसतो."

बस. त्यांनी चपला काढल्या, आणि काकूंची निळी साडी फळीच्या कडेला पसरली गेली.

पहिला शिपाई उचलताना त्यांचा हात गेल्या वर्षीपेक्षा जास्त थरथरत होता. करंगळी शेजारच्या भालेकऱ्याला जोरात लागली. भालेकरी जरासा डुलला आणि होता तसाच उभा राहिला. दुसरा उचलला. मनगट तोफखान्यावर आपटलं. तोफखाना जागचा हलला नाही.

उलट लाल सैन्याची दैना. खिडकीतून वारा आला, चार स्वार आडवे. गजाकाकांच्याच सदऱ्याची बाही लागून पहिली रांग गेली, त्यात माझा घोडाही गेला, आणि त्याचा कान तुटून आतलं गुलाबी दिसायला लागलं.

"पडला तो गेला!" वसंतकाका ओरडले. "कॉलेजवाली गेली! गजा, तुज्या लोकांना जेवायला घालतोस का नाय?"

"माझ्या लोकांची बाईट बसत नाही आज," काका कपाळाला हात लावून म्हणाले.

मी बोटं ठेवत होते, मोजत होते, आणि शेवटचा हत्ती सुमनकाकूंसकट समुद्रात पडला तेव्हा मीच निकाल दिला. निळे जिंकले. वसंतकाका इतके हसले की काकूंना त्यांना पाणी द्यावं लागलं. हत्तीवरून पडल्याचा काकूंना काहीच राग आलेला दिसला नाही.

मग आवराआवर सुरू झाली. मी निळे शिपाई डब्यात भरायला लागले. पहिलाच हातात घेतला आणि थांबले. तो जड होता. आपल्या आकारापेक्षा खूपच जड. उलटा करून पाहिला तर पायाखाली गुलाबी रंगाचा एक गोल ठिपका, नव्यानं बुजवलेला. मी गजाकाकांकडे पाहिलं. ते एकदम पलंगाखाली काहीतरी शोधायला लागले.

तेवढ्यात वसंतकाकांनीही एक शिपाई उचलला. तळहातावर घेतला आणि हलकेच वरखाली केला. जाळ्याचं शिसं ज्यानं आयुष्यभर हाताळलं, त्याला वजन कसलं आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"गजा."

"काय?" पलंगाखालून आवाज आला.

वसंतकाकांनी शिपाई डब्यात ठेवला नाही; ते कपाटाकडे गेले आणि त्यांनी तो लाल सैन्याशेजारच्या रिकाम्या जागेत उभा केला. डब्यातले बाकीचेही एकेक काढून तिथेच लावायला लागले.

"नातू चावतो," ते म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ दे. आनि पुढल्या वर्षी समुद्र मोठा पायजे."

"साडी एकच आहे रे," गजाकाका पलंगाखालूनच म्हणाले.

सुमनकाकू फळीवरची निळी साडी घडी करत होत्या.

"दुसरी देतंय मी," त्या म्हणाल्या.