धनेशिणीचा छंद

एका जंगलात एक आई भिंतीआड बसली होती.

घाबरू नका, मुलांनो. तिला कुणी कोंडलं नव्हतं. धनेश पक्ष्यांची रीतच तशी. अंडं घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते. मग ढोलीचं तोंड मातीनं लिंपून टाकतात. मधे एक खिडकी ठेवतात. नवरा दिवसभर फळं आणतो आणि खिडकीतून तिच्या चोचीत देतो. पिल्लू जरा मोठं होईपर्यंत ती आतच.

माणसांत असलं काही नसतं. माणसांत दार उघडंच असतं. बाई बाहेर पडत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर ही धनेशीण. तिचं नाव मालन. ढोलीत जाण्याआधी ती जंगलभर बिया पोचवायचं काम करायची. इकडचं फळ खायचं, तिकडच्या डोंगरावर बी टाकायचं. ती उडाली की पंखांचा आवाज तीन दऱ्यांत ऐकू यायचा. हरणं म्हणायची, "मालन निघाली कामाला. उठा."

आता पहिल्या बाळंतपणात लिंपणाला माहेरची आई येते. खिडकी केवढी ठेवायची, हे आईलाच ठाऊक असतं. पण मालनची आई त्या हिवाळ्यात गेली. कशी गेली, ते विचारू नका. गेली.

म्हणून लिंपायला धाकटा भाऊ आला. त्याचं नाव गजा. गजा लिंपणाच्या शाळेत दोन दिवस गेला होता. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या डोक्यावर चिखल टाकून घरी आला. आई हसली होती, म्हणून त्याला वाटलं की शिक्षण पुरं झालं.

गजानं ओढ्यावरून माती आणली. थापली. आणखी आणली, आणखी थापली. आई गेल्यापासून त्याला वाटायचं की जगात कुठूनही काहीही आत शिरतं. शेवटी खिडकी इतकी बारीक उरली की एक उंबर आत जायचं, तेही दाबून.

"बघा दाजी, मुंगीसुद्धा शिरणार नाही!" गजा म्हणाला.

दाजी, म्हणजे मालनचा नवरा, गरीब स्वभावाचा पक्षी. तो म्हणाला, "हो. माझी चोचपण नाही."

अंडं फुटलं. पिल्लू झालं. ते दिवसभर ओरडायचं. मालन मात्र बोलेना. पिल्लाच्या वाट्याचं फळ ती त्याला भरवायची. तिच्या वाट्याचं फळ खिडकीतून टपकन बाहेर पडायचं.

चार दिवस असं झालं. झाडाखाली उंबरांचा ढीग साठला.

दाजी म्हणाला, "गजा, ही खात नाही. अशानं ही वाचायची नाही रे."

गजाला आईचे शेवटचे दिवस आठवले. तीही असंच खाणं परत करायची. तो उडाला तो थेट सातभाईंकडे गेला.

सातभाई हे पक्षी सातजण मिळून राहतात आणि सातही जण एकाच वेळी बोलतात. एरवी सल्ला हवा असेल तर त्यांच्याकडे जावं लागत नाही. ते येतात.

"घरी बसून कंटाळली ती!"

"कामाची सवय ना अंगाला!"

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

"तुझ्या वेळी तू सदानकदा रडायचीस."

"छंद लाव म्हणावं तिला!"

"सर्जनशील छंद!"

"म्हणजे काय गं?"

सातवीला कुणी उत्तर दिलं नाही. गजालाही शब्द कळला नाही. पण औषधाचं नाव कळावं लागत नाही, औषध लागू पडलं म्हणजे झालं.

त्या जंगलात वडाखाली कोतवाल पक्ष्याचा छंदवर्ग चालायचा. कोतवालाला साऱ्या पक्ष्यांच्या नकला येतात. त्याच्या वर्गाचं नाव होतं 'स्वतःचा आवाज शोधा'. नव्या आयांसाठी तर खास तुकडी होती. तिथं शिकून केलेल्या वस्तू वडाच्या खोडाला लटकवायच्या. ज्याला आवडेल त्यानं खाली नखानं ओरखडा काढायचा. ओरखडे खाऊन खाऊन वडाची साल निघाली होती.

कोतवाल स्वतः मालनच्या झाडावर आला. आधी त्यानं बुलबुलाच्या आवाजात खाकरून घेतलं.

"मालनताई, तुमच्या आत एक कलाकार आहे."

आत पिल्लू होतं. ते ओरडलं.

पहिल्या दिवशी कोतवालानं रंगकाम दिलं. गजानं करवंदं आणि जांभळं कुस्करून खिडकीतून ओतली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पिल्लू जांभळं झालं होतं.

आतून मालनचा बारीक आवाज आला, "दिसत नाही."

इतक्या दिवसांत ती एवढंच बोलली.

"वा!" कोतवाल म्हणाला. "बाहेरचं दिसत नाही, तेव्हाच आतलं दिसू लागतं. लिहून घ्या."

सातभाईंनी लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी विणकाम. गजानं भारेभर गवत काडीकाडीनं आत ढकललं. आता ढोलीत पिल्लाला पाय पसरायला जागा उरली नाही.

"मला दिसत नाही," मालन पुन्हा म्हणाली.

"अक्का, डोळ्यांत अंजन घालू का?" गजानं विचारलं.

त्या दिवशीही तिच्या वाट्याची उंबरं बाहेर पडली.

मग एका सकाळी झाडाखाली मातीचा एक तुकडा सापडला. गजा घाबरला. भिंत ढासळतेय! त्यानं ओढ्यावरून माती आणली आणि खिडकीची कड पुन्हा लिंपली. दुसऱ्या सकाळी दोन तुकडे. त्यानं पुन्हा लिंपलं. तिसऱ्या सकाळी चार.

गजा चिडला. लिंपता लिंपता भिंतीशी भांडू लागला.

"आई लिंपायची तेव्हा बरी टिकायचीस! माझ्याच हाताला काय झालंय? आई मातीत काय घालायची? शेण? लाळ? मला कुठं माहीत! मी विचारलंच नाही कधी. वाटलं, आहे की ती, विचारू कधीतरी."

तो तिथंच चोच भिंतीला टेकवून बसला.

मग आतून आवाज आला.

"पाणी जास्त घालतोस, गज्या."

"आँ?"

"आई पाणी कमी घालायची. आणि उंबराचा चीक."

त्या दिवशी एकच उंबर बाहेर पडलं. तेही अर्धं खाल्लेलं.

पुढं रोज असं चाललं. मालन आतून उकरायची. गजा बाहेरून लिंपायचा. लिंपताना आईच्या गोष्टी निघायच्या. आई कोल्ह्याला कशी शिव्या द्यायची. आई गजाला उडायला शिकवताना स्वतः कशी काट्यांत पडली. एकदा मालन हसली, तेव्हा दाजीच्या चोचीतून उंबर पडलं.

इकडे खाली पडलेले मातीचे तुकडे सातभाईंनी पाहिले. तुकडे वाकडे होते, थोडेसे चोचीसारखे.

"अगंबाई, ही तर शिल्पं!"

"मी म्हटलंच होतं, छंद लागणार!"

"तू कुठं, मी म्हटलं होतं!"

कोतवालानं तुकडे वडाला लटकवले. एकाला नाव दिलं 'मातृत्व'. दुसऱ्याला 'घुसमट'. तिसऱ्याला नावच दिलं नाही, त्यामुळं त्यालाच सगळ्यांत जास्त ओरखडे मिळाले. एका सांबरानं शिंगांना शोभतील असे दोन मागितले. नव्या आयांच्या तुकडीत गर्दी झाली. सगळ्या जणी आपापल्या घरट्याच्या भिंती उकरू लागल्या. दोन घरटी खाली आली.

गजा छाती काढून हिंडू लागला. "माझी अक्का! छंद मीच लावला तिला!"

पिल्लाला पिसं फुटली. मालनची भिंत फोडून बाहेर यायची वेळ झाली. कोतवालानं त्याच दिवशी सत्कार ठेवला. शाल म्हणून केळीचं पान आणलं. नारळ वानरानं आणला होता, पण वाटेत फोडून खाल्ला, म्हणून करवंटी ठेवली. सारं जंगल जमलं.

भिंत फुटली. मालन बाहेर आली. ढोलीत जुनी पिसं झडून आलेली नवी पिसं अजून ओली दिसत होती. ऊन लागताच तिनं डोळे मिटले, मग उघडले.

कोतवाल कोकिळेच्या आवाजात म्हणाला, "मालनताई, या शिल्पांची प्रेरणा कोणती?"

"कसली शिल्पं?"

"ही! मातीची!"

मालननं तुकड्यांकडे पाहिलं आणि ती खदखदून हसली. "अहो, हा भिंतीचा चुरा आहे. मी खिडकी मोठी करत होते."

सगळे गप्प झाले. सातभाईसुद्धा. असं त्या जंगलात पहिल्यांदाच घडलं.

"समोर त्या उंबराची फांदी आहे ना, वाकलेली," मालन म्हणाली, "तिथं आई बसायची. मला वाटलं, आतून निदान फांदी तरी दिसेल. तर या माझ्या गवंड्यानं नेमकी तेवढीच बाजू बुजवली."

गजाचं तोंड उतरलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. 'दिसत नाही' म्हटलं, तर तू अंजन आणायला निघालास."

"अगं, मग मी रोज लिंपत होतो, तेव्हा तरी सांगायचंस! 'नको लिंपू' म्हणायचं!"

मालन थोडा वेळ पिल्लाची पिसं नीट करत राहिली.

"म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असतास का रे? आई गेल्यापासून तू झाडाकडं फिरकला नव्हतास. लिंपायला म्हणून आलास."

गजानं जवळचा 'घुसमट' उचलला आणि कोतवालाच्या डोक्यावर टाकला. जुनी सवय.

मग मालन उडाली. पंख अजून पुरते भरले नव्हते, तरी आवाज एका दरीत गेला. ती त्या वाकलेल्या फांदीवर जाऊन बसली. मधली जागा तिनं मोकळी ठेवली. गजा गेला आणि दुसऱ्या टोकाला बसला. मधे कुणीच बसलं नाही. पिल्लू ढोलीच्या तोंडाशी बसून दोघांकडे पाहत होतं. त्याला सगळं नीट दिसत होतं.

कोतवालानं डोकं पुसलं आणि दुसऱ्या दिवसापासून नवा वर्ग सुरू केला.

तात्पर्य : घरी बसलेली नवी आई खात नसेल, बोलत नसेल, तर तिला छंद लावू नये. आधी तिची खिडकी मोठी करावी. ज्यांना खिडकी मोठी करणं जमत नाही, त्यांनी छंदवर्ग काढावा. तो चांगला चालतो.