अबू नायिल यांची मूळ संख्या

इर्बिदला अबू नायिल यांच्या दिवाणखान्यात नवरामुलगा कुतैबा याच्याकडचे चाळीस पुरुष त्यांच्या मुलीला, रुबाला, मागणी घालायला येऊन बसले होते. त्यांचे पुढारी अबू शाहिर. त्यांच्यापुढे कॉफी आली आणि त्यांनी ती रिवाजाप्रमाणे खाली ठेवली. मुलीचा बाप होकार देईपर्यंत ती प्यायची नसते.

अबू नायिल गणिताचे निवृत्त तपासनीस. त्यांच्या गाडीचा नंबर १७३३७१. उलटा वाचा, सुलटा वाचा, तोच. शिवाय ही मूळ संख्या आहे, हिला कशानेच भाग जात नाही, असं ते वीस वर्षं भेटेल त्याला ऐकवत आले होते. त्यांनी तीनने पाहिलं होतं, सातने पाहिलं होतं. पुढचा कंटाळा केला होता.

अबू शाहिर स्तुतीला लागले. "तुमचं घराणं तुमच्या नंबरासारखं आहे, साहेब. कोणाला तुकडे पाडता येत नाहीत."

"अकराने जातो," कुतैबाचे काका वस्फी म्हणाले. वस्फींचं औषधांचं दुकान होतं, पण तोंड बंद ठेवायचं औषध त्यांच्याकडे नव्हतं.

अबू नायिल यांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"अकराने. सहा आकडी, त्यात दोन्हीकडून सारखा. जाणारच."

"गप की रे," अबू शाहिर कुजबुजले. "कॉफी गार होतेय."

"होऊ दे. मी काय खोटं बोलतोय?"

एकाने फोन काढला. "तो खिशात ठेवा," अबू नायिल म्हणाले. "माझ्या घरात यंत्राला विचारायची पद्धत नाही. मुलाने करून दाखवावं. भाग गेला, तर उठा सगळे."

दाराआडून त्यांची बायको म्हणाली, "अहो, पोरीचं लग्न ठरवायला बसलात की गाडीचं?" तिच्याशेजारी रुबा ओढणीचं टोक चावत उभी होती. कुतैबाचं नाव बापापुढे काढायलाच तिला चार वर्षं लागली होती.

कुतैबा बँकेत नोकरीला होता. त्याने घाम पुसत भागाकार मांडला. त्र्याऐंशीतून सत्त्याहत्तर वजा केले आणि खाली सात लिहिले. शेवटी बाकी एक उरली.

अबू नायिल यांनी चष्मा लावला. असल्या सातापायी त्यांनी आयुष्यभर पोरं नापास केली होती. त्यांची नजर त्या सातावर अडली, हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. चूक दाखवावी तर नंबर जातो. न दाखवावी तर ढ जावई घरात येतो.

त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कॉफी घ्या. मुलगी तुमची."

अबू शाहिर यांनी गार कॉफी घशाखाली ढकलली. गणिताचं ओ की ठो न कळणारे चाळीस जण मुलाच्या हुशारीवर माना डोलवत राहिले.

परतताना गाडीत वस्फींनी पुतण्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुला. मुद्दाम चुकवलंस, आणि कोणाला कळूसुद्धा दिलं नाहीस."

कुतैबाने विचारलं, "काय चुकवलं, काका?"