आठवीची कविता आणि तलावाचं पाणी

ईश्वर गुरुजींचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. स्वच्छ फळा ते पुन्हा पुन्हा पुसत होते. आज तालुक्याचे साहेब त्यांचा पाठ पाहायला येणार होते. पाठ जमला तर नोकरी कायम. नाहीतर दिघोरीतून गाशा गुंडाळून अड्याळला बापाच्या दुकानात पुड्या बांधायच्या.

गुरुजींना घोकंपट्टीचा भारी राग. कविता मुलांना आपली वाटली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून पुस्तकातली चांदण्याची कविता शिकवल्यावर त्यांनी आठवीला बजावलं होतं, "आता आपापल्या घरचं चांदणं लिहून आणा. पाहिलं तेच लिहा, खोटं एक अक्षर नको." भल्या माणसाला दुर्बुद्धी सुचते ती अशी!

त्यात त्या साली पाऊस दसऱ्याआधीच पळालेला. धान लोंबीवर आलेलं, तलावात पाणी थोडं, म्हणून प्रत्येकाच्या शेताला पाण्याची पाळी लावलेली. तरी रात्री कुणीतरी तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून पाणी पळवत होतं, आणि पार टोकाला असलेल्या मंदाबाईच्या धानाच्या बांधीत थेंब पोचत नव्हता. गावात जो तो दुसऱ्याकडे संशयानं पाहत होता.

जीप आली आणि गाव शाळेच्या खिडक्यांना लोंबकळलं. जीप आल्यावर घरी बसवतं कुणाला? सगळ्यांत पुढे तलावाचे पंच सेवकराम पाटील, मागे मंदाबाई.

"साहेब, यातली प्रत्येक ओळ मुलांच्या घरातली आहे," गुरुजी अभिमानानं म्हणाले. "ऊठ गं गुलाब."

टिकारामची गुलाब उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"चांद आला तलावाच्या पारीवर,
बाबा निंघाले, फावडा खांद्यावर.
माय म्हणे, 'हळू जाजा अंधारातून',
पाणी आलं गात गात आमच्या बांधीतून."

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. खिडकीत मात्र सेवकराम पाटलांनी शेजारच्या टिकारामची कॉलर धरली. ते गरजले, "सापडला रे पाणचोर! धरा टिकारामले!"

"अजी, कविता हाये थे!" टिकाराम कळवळला. "गुरुजी, सांगा ना याईले! कवितेत सारं मनचंच रायते ना?"

"मनचं कायले राहीन?" मंदाबाई कडाडली. "गुरुजीच म्हणाले ना, खोटं अक्षर नको म्हून!"

साहेबांनी चष्मा काढला. "काय हो मास्तर, हा अनुभव की कल्पना?"

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. अनुभव म्हणावं तर टिकाराम मार खाणार, कल्पना म्हणावं तर आपणच आपला पाठ बुडवणार. बिचाऱ्यांनी घाईघाईनं पुढच्या बाकाकडे बोट केलं, "रुखमिणी, तू म्हण!"

ती सेवकराम पाटलांची नात.

"बस खाली!" पाटील खिडकीतून ओरडले. "साहेब, पोरीले ताप हाये जी!"

"म्हणू द्या हो," साहेब म्हणाले. रुखमिणीनं आबाजीकडे न बघता सुरू केलं,

"दिवसा म्हणते आबाजी, 'चोराले धरा रे धरा',
सकाळी मी पायलं तं फावडा ओला जरा.
फावड्याले मी पुसलं, 'कुठं गेलता राती?'
फावडा हासला, म्हणे, 'चांद होता संगाती.'"

पाटलांच्या हातातली टिकारामची कॉलर आपोआप सुटली. कॉलर झटकून नीट करत ते म्हणाले, "गुरुजी म्हणते थेच खरं. पोराईची कल्पना हाये!"

"गुरुजी कुठं म्हणाले?" टिकाराम.

"आता म्हणतीन!"

साहेब मिश्किलपणे हसत होते. "मास्तर, दोन्ही मुलींना एकच कल्पना कशी सुचली?"

गुरुजी स्वच्छ फळा पुन्हा पुसू लागले. "साहेब," ते कसेबसे म्हणाले, "एकाच तलावाचं पाणी पितात."

साहेब एवढे हसले की खुर्ची करकरली. "कवितेवरून पालक एकमेकांची कॉलर धरतात, असं गाव मी पहिल्यांदाच पाहतोय!" जाताना ते म्हणाले, "तुम्ही कायम, मास्तर."

दिवेलागणीला पाटील गुरुजींच्या दारात. "कायम झालेत, बेस झालं. आता पुस्तकातल्याच कविता घोकून घ्या जी. घरच्या कायले?" गुरुजींनी मान डोलावली. पंचाशी वाकडं कोण घेणार?

चार दिवसांनी मंदाबाई पदराखाली पोह्यांची पोटली घेऊन आली. चेहरा नुसता फुललेला.

"गुरुजी, पाणी आलं माह्या बांधीत! त्या दिसापासून कोणाचाच फावडा घरातून निंघून नाही राहिला!"

"अहो, चांगलं झालं की."

"झालं, पण लोकं इसरतीन." तिनं पोटली गुरुजींच्या हातात कोंबली. "तुमी आता कायम झालेत ना? मंग कायले भेता? धान कापणीवर येवोस्तर दर सोमवारी एक कविता लिवून घ्या जी. चांदण्यावरच!"