चाळिसावी जागा

हेरन्स या बेसबॉल संघाच्या कचेरीतल्या भिंतीवर मोठी लोखंडी पाटी होती. पाटीवर चाळीस जागा होत्या आणि प्रत्येक जागेवर एका खेळाडूच्या नावाची लोहचुंबकाची पट्टी. गेल्या मोसमात हेरन्स एकशेबासष्ट सामन्यांपैकी एकशेआठ हरले होते. म्हणून मेरेडिथ हॉब्ज या नव्या जनरल मॅनेजरबाईंनी तिशी ओलांडलेला जवळजवळ प्रत्येक खेळाडू दुसऱ्या संघांच्या गळ्यात मारला आणि बदल्यात मिसरूड न फुटलेली पोरं गोळा केली. संघ पाडायचा, तीन वर्षं निमूट मार खायचा आणि चौथ्या वर्षी जिंकायचं, असा त्यांचा बेत होता.

या बांधकामाचा पाया म्हणजे केलन ब्रिस्टो, चेंडू फेकणारा वीस वर्षांचा पिचर. फ्लॉरिडातल्या सरावाच्या मैदानावर मेरेडिथनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हातातलं सँडविच विसरली. चेंडू दिसलाच नाही. बंद दार लाथेनं उघडावं तसा नुसता आवाज आला आणि पलीकडे चेंडू झेलणाऱ्या कॅचरनं ग्लव्ह काढून तळहात शाबूत आहे का ते पाहिलं. वेगाचं यंत्र ताशी एकशेदोन मैल दाखवत होतं. मेरेडिथ आकड्यांत रमणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पुढे नुसती आठवण झाली तरी तो यायचा.

नोव्हेंबरातल्या ठरल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत चाळीस नावं लीगला कळवायची असतात. त्या चाळिसांना कुणी हात लावू शकत नाही. केलनसारखा पोरगा यादीबाहेर राहिला, तर डिसेंबरच्या निवडीत कुठलाही संघ त्याला उचलून नेतो.

मेरेडिथ शकुन-अपशकुनाला हसायची. जिंकत असेपर्यंत मोजे न धुणाऱ्या खेळाडूंची तिनं भर सभेत टर उडवली होती. पण त्या दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, तिनं केलनची पट्टी पाटीवरून काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. सहा वाजेपर्यंत ती अंगाशी असावी, एवढंच. मग ती मालकांबरोबर जेवायला गेली.

थोड्या वेळानं व्हर्जिल आत आला. चाळीस वर्षं गावोगाव फिरून पोरं हुडकणारा हा एकाहत्तर वर्षांचा म्हातारा. पाटीवरची रिकामी जागा पाहून तो दारातच थबकला. त्याच्या मते अशी जागा उघडी राहिली की कुणाचा तरी खांदा निखळतोच. त्यानं टेबलावरच्या डब्यातून हाताला लागली ती पट्टी उचलली, तात्पुरती म्हणून तिथे चिकटवली आणि कॉफी आणायला गेला.

पट्टी होती ऑर्विल टीगची. फ्लॉरिडात तळहात तपासणारा कॅचर तो हाच. वय तेहतीस. चौदा वर्षं छोट्या गावांच्या संघांतून बसनं हिंडला, पण मोठ्या लीगमध्ये एक दिवस खेळला नाही. पुढच्या सोमवारी त्याला ‘आता पुरे’ असं सांगायचं ठरलं होतं.

पाच वाजता कारकुनानं पाटीवरची नावं उतरवून घेतली आणि लीगला पाठवून दिली.

मालकांच्या गप्पा कधी लवकर संपत नाहीत. मेरेडिथ परतली तेव्हा साडेसहा झाले होते.

"व्हर्जिल, चाळिसाव्या जागेवर टीग काय करतोय?"

"जागा धरून बसलाय. उघडी ठेवतं का कुणी? पण पोरी, तिथली पट्टी काढली कुणी?"

मेरेडिथनं खिशातला हात बाहेर काढला. म्हाताऱ्यानं आधी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू पण?" तो म्हणाला.

लीगनं बदल करायला साफ नकार दिला. त्या रात्री दोघांपैकी कुणीही जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या संघांनी यादी वाचली आणि सगळे थक्क झाले. एवढी हुशार बाई, एकशेदोन मैलांचा पिचर सोडते आणि तेहतीस वर्षांचा कॅचर राखते? म्हणजे पोराचं कोपर गेलं असणार. आणि टीगमध्ये असं काहीतरी आहे, जे आपल्या कुणालाच दिसलं नाही. टीग हिवाळ्यात ओक्लाहोमात मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात काम करायचा. दोन संघांनी तिथे माणसं धाडली. एकानं अहवालात लिहिलं की हा गृहस्थ रंगाचे डबे विलक्षण शांतपणे उचलतो.

डिसेंबरात सगळे संघ एका मोठ्या हॉटेलात जमतात. तिथे मेरेडिथ आली की भलेभले बाजूला सरकून तिला वाट देऊ लागले. तिनं मालकांना खरं काय ते सांगून टाकलं. मालकांना तोही तिचा डावच वाटला; त्यांनी डोळा मिचकावला आणि भिंतीलाही कान असतात असं बजावलं.

निवडीच्या सकाळी एकेका संघानं नाव पुकारलं. मेरेडिथच्या हाताला एकही नख उरलं नाही. बाकीचे एकोणतीसही संघ झाले आणि केलनचं नाव कुणीच घेतलं नाही. ती बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली. बाहेर आली तेव्हा एका संघाचा माणूस दाराशीच उभा होता. टीगच्या बदल्यात तो दोन तरुण खेळाडू देऊ करत होता. तिच्या बेताला याहून चांगलं काय हवं? ती हो म्हणाली, आणि टीगला आपणच सांगायचं म्हणून तिनं फोन लावला.

"बदल्यात काय मिळालं, मॅडम?" टीगनं विचारलं.

"दोन पोरं. एक शॉर्टस्टॉप, एक पिचर."

"माझ्या बदल्यात? चौदा वर्षांत माझ्यासाठी कुणी जुनी बॅटसुद्धा दिली नव्हती." मग म्हणाला, "सकाळी त्याच संघाचा फोन आला होता. बाईंनी तुझ्यात काय पाहिलं, असं विचारत होते. मी खरं ते सांगितलं. बॅटला चेंडू लागत नाही, गुडघे गेलेत. तोवर ते म्हणे एकच पोरगं देणार होते."

मेरेडिथला राहवेना. ज्या माणसाच्या जिवावर सगळं निभावलं, त्याच्याशी तरी खोटं नको.

"ऑर्विल, नीट ऐका. ती चूक होती. तुमचं नाव चुकून गेलं."

मग टीग चर्चमध्ये बोलावं तसा हळू आवाजात म्हणाला,

"कळलं, मॅडम. कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन."